पडणारा वायू आणि क्ष-किरण

चामराजपेटेतल्या आमच्या गच्चीवरून आज ज्या ताऱ्याकडे बोट दाखवतोय, तो नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. वासुकी तारकासमूहातला टीडब्ल्यू हायड्री, सुमारे २०० प्रकाशवर्षांवर. वय जेमतेम कोटभर वर्षं. भोवतालच्या तबकडीतला वायू तो अजून ओढून घेतोय. हा वायू चुंबकीय रेषांवरून घसरत सेकंदाला सुमारे ५०० किलोमीटर वेगानं ताऱ्यावर आदळतो. मी तोफखान्यातला माणूस. आमच्या बोफोर्सचा गोळा सेकंदाला एक किलोमीटरही जात नसे! आदळताच वायू तीसेक लाख अंशांपर्यंत तापतो आणि क्ष-किरण निघतात.

पण तरुण ताऱ्यांवर चुंबकीय स्फोटही होतात, क्ष-किरण त्यांतूनही येतात. मग ओळखायचं कसं? दाटपणावरून. चंद्रा दुर्बिणीनं निऑनच्या वर्णरेषा टिपल्या, तेव्हा हा वायू ताऱ्याच्या प्रभामंडळातल्या वायूपेक्षा कित्येक पट दाट निघाला. म्हणजे आदळून दबलेला.

हे किरण आपलं वातावरण अडवतं, म्हणून दुर्बीण वर न्यावी लागते. २८ सप्टेंबर २०१५ला श्रीहरिकोट्याहून गेलेल्या अ‍ॅस्ट्रोसॅटवरची एक क्ष-किरण दुर्बीण मुंबईच्या टीआयएफआरमध्ये घडली.

आणि हेच किरण तबकडीतला वायू हळूहळू उडवूनही लावतात. तो संपायच्या आत गुरूसारखा ग्रह झाला तर झाला.