कानातला नंबर आणि नोंदवहीतला मालक

परवा पुण्याहून नातीचा फोन आला. नऊ वर्षांची आहे. आवाजात मोठी बातमी सांगण्याची घाई होती. "आजोबा, आमच्या शेरूला चिप बसवली! इंजेक्शनने. मानेत. आता तो हरवणारच नाही!" मी विचारले, "हरवणार नाही म्हणजे? तो कुठे आहे ते चिप सांगते का?" ती थबकली. तिला वाटत होते की बाबांच्या मोबाइलवर नकाशा उघडला की शेरू ठिपक्यासारखा हलताना दिसेल. मागून तिच्या वडिलांचा आवाज आला, "नाही गं, तसं नसतं ते." पोरगी हिरमुसली. "मग काय उपयोग?" असे म्हणून तिने फोन ठेवून दिला.

प्रश्न रास्त होता. त्याचे उत्तर शोधताना मला पुण्यातला लाडका लॅब्रॅडोर आठवला नाही. आठवला तो धारूरच्या डोंगरपट्ट्यातल्या एका म्हशीचा कान.

ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धातली गोष्ट. मी बँकेत नवखा अधिकारी होतो आणि शेतीकर्जाचे टेबल माझ्याकडे होते. एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रम २ ऑक्टोबर १९८० पासून देशातल्या सगळ्या विकासगटांत लागू झाला होता आणि बालाघाटाच्या कुशीतल्या आमच्या गावांत त्या योजनेतून गाई-म्हशी येत होत्या. कर्जावर घेतलेल्या जनावराचा विमा उतरवला जाई. विमा उतरवताना कानात धातूचा बिल्ला ठोकला जाई आणि त्यावरचा नंबर आम्ही कर्जाच्या कागदांवर उतरवून घेत असू. जनावर दगावले तर नियम सोपा आणि कठोर होता. बिल्ला नाही तर भरपाई नाही. म्हणून शेतकरी मेलेल्या जनावराचा बिल्ल्यासकट कान कापून, मीठ लावून, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून बँकेत आणत. पहिल्यांदा ती पिशवी टेबलावर आली तेव्हा मला जेवण गेले नव्हते. पुढे सवय झाली, आणि त्या सवयीचीच आता जास्त लाज वाटते.

एका बाईचा कान असाच आला. नवरा आदल्या वर्षी वारलेला होता. म्हैस पोट फुगून गेली होती. बिल्ला शाबूत होता, पशुवैद्यकाचा दाखला होता, पंचनामा होता. तरी दावा परत आला. बिल्ल्यावरचा नंबर आणि पॉलिसीवरचा नंबर जुळत नव्हता. मी आमची मूळ नोंद काढली. एका सातच्या जागी एक लिहिला होता. अक्षर माझे होते.

चूक माझी असल्याचे पत्र मी पाठवले, पुन्हा पाठवले. पत्रव्यवहार वर्षभर चालला आणि शेवटी नकारच आला. बाईने हप्ते फेडले, म्हैस नसताना. शेवटचा हप्ता भरायला आली तेव्हा म्हणाली, "साहेब, मह्या म्हशीनं तर कान दिला, आता अजून काय द्यावं तिनं?" तिच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच सोसणे अवघड होते.

तेव्हापासून एक गोष्ट मनात पक्की बसली. जनावराच्या अंगावरचा नंबर ही अर्धीच ओळख असते. उरलेली अर्धी कुठल्या तरी नोंदवहीत असते, आणि ती कोणी तरी नीट लिहावी लागते.

जनावर ओळखण्याची ही धडपड नवी नाही. अकबराच्या फौजेतल्या घोड्यांना डाग देण्याची पद्धत होती. सरदाराने हजेरीला चांगला घोडा दाखवून एरवी तट्टू बाळगू नये, हा हेतू. आमचा धारूरचा किल्ला १६३१ साली मोगलांकडे गेला. तेव्हा डागाचे घोडे या घाटानेही चढले असतील. शेतकऱ्याला मात्र तापलेल्या लोखंडाची गरज कधी वाटली नाही. कपाळावरचा भोवरा, पाठीवरची गोम, शिंगांची ठेवण, शेपटीचा गोंडा, चालण्याची लकब हेच त्याचे दप्तर. लाल कंधारी असो वा देवणी, दोन बैल त्याला कधी सारखे दिसत नाहीत. चुकार जनावर कोंडवाड्यात जाई, गावात दवंडी फिरे, मालक येऊन खूण सांगे आणि दंड भरून दावे हातात घेई. गाव लहान होते, तोपर्यंत गाव हीच नोंदवही होती.

पण धारूरचे जनावर आता धारूरपुरते राहिलेले नाही. दसरा-दिवाळी झाली की ऊसतोड मजुरांची बिऱ्हाडे निघतात. मुकादमाची उचल घेतलेली, कोयता बांधलेला, पोरे कडेवर आणि ज्यांची बैलगाडी आहे त्यांचे बैलही बरोबर. कोल्हापूर, सांगली, सातारा, कर्नाटकातला बेळगावचा पट्टा. तिथे त्या बैलाची गोम कोण ओळखणार? लाळ्या-खुरकुताची लस त्याला टोचली आहे की नाही, हे तिथल्या डॉक्टरला कसे कळणार?

या प्रश्नाला सरकारने दिलेले उत्तर आज जवळजवळ प्रत्येक गोठ्यात दिसते. लाळ्या-खुरकूत आणि ब्रुसेल्लोसिस या दोन रोगांच्या नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम ११ सप्टेंबर २०१९ रोजी मथुरेत सुरू झाला. लस टोचलेले जनावर ओळखता यावे म्हणून त्याबरोबर कानात पिवळा बिल्ला आला. त्यावर बारा आकडे आणि बारकोड असतो. लोक त्याला जनावराचे आधार कार्ड म्हणतात. नंबर संगणकात घातला की मालकाचे नाव, मोबाइल क्रमांक, लसीकरण, रेतन, वेत असा तपशील निघतो. त्याच वर्षीच्या दुष्काळात आमच्या जिल्ह्यातल्या चारा छावण्यांत जनावरांच्या कानातल्या बारकोडवरून हजेरी घेतली जात होती. पुढे महाराष्ट्र शासनाने नियम आणखी आवळले. १ जून २०२४ पासून बिल्ल्याशिवाय सरकारी दवाखान्यात सेवा नाही, खरेदी-विक्री नाही, बाजारात प्रवेश नाही, वाहतूक नाही.

सात आणि एक यांची गफलत बारकोडने संपवली, याचा आनंद माझ्याइतका कोणाला झाला नसेल. पण दुसरी अर्धी ओळख अजून माणसाच्याच हाती आहे. बैल बाजारात विकला जातो. पैसे मोजले जातात, कासरा या हातातून त्या हातात जातो. नोंद मात्र जुन्या मालकाच्या नावावरच राहते. कारण त्यासाठी दवाखान्यात जाऊन सांगावे लागते आणि घरी जायची घाई असते. मोबाइलचे सिम बदलते, नोंदीतला क्रमांक तोच राहतो. अशा वेळी बारा आकडे अगदी अचूक असतात आणि दाखवतात मात्र भलत्याच माणसाकडे.

आणि चोर? त्याला बारा आकडे वाचायची गरज नसते. त्याला कात्री पुरते.

दोन वर्षांपूर्वी आमच्या जवळच्या एका वाडीवर रात्रीतून बैल गेला. ऊसतोडीला जाणारे कुटुंब, पोळा होऊन महिनाही झाला नव्हता. चांगली जोडी आज लाखाच्या पुढे जाते आणि त्यातला एक गेला की दुसराही जुवाखाली निरुपयोगी. तिसऱ्या आठवड्यात बैल परजिल्ह्यातल्या एका बाजारात सापडला. कान फाटलेला, बिल्ला गायब. विकणारा म्हणे, "माझाच आहे, कुंपणात कान अडकून फाटला." घरधन्याबरोबर त्याची बायकोही ठाण्यात गेली होती. ती मला नंतर सांगत होती, "काका, म्या नुसती हाक मारली. मान वळवून हंबारला बगा. जमादार म्हणले, मावशी, हंबरणं कागदावर कसं लिहू?"

खरेच, कसे लिहिणार? कायद्याच्या नजरेत जनावर ही मालमत्ता. पूर्वी भारतीय दंड संहितेचे कलम ३७९ होते, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचे कलम ३०३ आले. चोरीच्या मालाची ओळख दोन्हीकडे पुराव्यानेच पटवावी लागते. या कुटुंबाला तारले ते त्यांच्या लेकीने. पोळ्याच्या दिवशी तिने मोबाइलवर बैलाचा फोटो काढला होता. झूल, बाशिंग, शिंगांना बेगड, आणि कानात पिवळा बिल्ला. फोटो मोठा केला तर बाराही आकडे वाचता येत होते. दवाखान्यातल्या नोंदीत तो नंबर बापाच्या नावावर होता, लसीची तारीखही होती. फोटोतला कपाळावरचा भोवरा आणि समोरच्या बैलाचा भोवरा एकच होता. नंबराने मालक सांगितला, भोवऱ्याने बैल सांगितला. दोन्ही अर्ध्या ओळखी जुळल्या आणि बैल घरी आला.

आता नातीच्या शेरूकडे वळतो. त्याच्या मानेतली चिप तांदळाच्या दाण्याएवढी असते. साधारण बारा मिलिमीटर लांब, काचेच्या वेष्टनातली, दोन खांद्यांच्या मधोमध कातडीखाली सुईने सोडलेली. तिच्यात बॅटरी नसते. वाचकयंत्र अगदी जवळ धरले की त्याच्या लहरींवर ती क्षणभर जागी होते, पंधरा आकडे सांगते आणि पुन्हा झोपते. तिला कात्री लागत नाही, हे तिचे मोठेपण. पण ती नकाशा दाखवत नाही आणि तिच्यात मालकाचे नावही नसते. नाव असते ते नोंदवहीत. जागा दाखवणारा जीपीएसचा पट्टा वेगळा मिळतो. त्याला चार्जिंग लागते, मोबाइलची रेंज लागते, आणि चोर तो पहिल्यांदा काढून फेकतो.

आपल्याकडे कुत्र्यांची पैदास आणि विक्री करणाऱ्यांसाठी २०१७ च्या नियमांत चिपची तरतूद आली. पण घरच्या कुत्र्यामांजरांसाठी देशभर एकच सक्तीची नोंदवही नाही. चिप कोणत्या कंपनीची, तिची नोंद कुठे, हे मालकानेच विचारून ठेवावे लागते. इंग्लंडमध्ये ६ एप्रिल २०१६ पासून आठ आठवड्यांवरच्या कुत्र्याला आणि १० जून २०२४ पासून वीस आठवड्यांवरच्या मांजराला चिप सक्तीची आहे. तिथला कायदा चिपपाशी थांबत नाही. मालकाने नोंदीतला पत्ता आणि फोन अद्ययावत ठेवणे हेही त्याच कायद्यात आहे आणि कसूर झाल्यास ५०० पौंडांपर्यंत दंड होतो. युरोपात कुत्रा घेऊन जाणाऱ्या आपल्या मंडळींना आणखी एक गोष्ट कळते. रेबीजची लस चिप बसवल्यानंतर टोचलेली असावी लागते. आधी टोचलेली लस तिथे धरत नाहीत, कारण ती नेमकी याच कुत्र्याला टोचली याचा पुरावा काय? मीठ लावलेला कान मागणाऱ्या नियमाचाच हा सुधारलेला भाऊ म्हणायचा.

म्हणून ज्यांच्या घरी मुके जनावर आहे त्यांना एक निवृत्त बँकवाला एवढेच सांगेल. चिप असो वा बिल्ला, नंबर कुठेतरी लिहून ठेवा आणि लिहिल्यावर एकदा ताडून पाहा. समोरून आणि दोन्ही बाजूंनी फोटो काढा. अंगावरची खूण फोटोत दिसू द्या. जनावर विकले, विकत घेतले, घर बदलले, फोन बदलला, की त्याच आठवड्यात नोंद बदला. बिल्ला पडला तर नवा बसवून घ्या आणि जुना नंबर दवाखान्यात सांगा. कुत्र्याच्या गळ्यात फोन नंबराची साधी पट्टीही राहू द्या. रस्त्यावर सापडलेल्या कुत्र्याची पट्टी कोणीही वाचू शकतो, चिप वाचायला यंत्र लागते. आणि हाक मारलेले नाव त्याला कळू द्या. पंचनाम्यात हंबरणे लिहिता येत नसेल, पण त्या बाईला बैल आपलाच आहे ही खात्री त्यानेच दिली होती. म्हणून तर ती ठाण्यातून हलली नाही.

हे सगळे मी नातीला फोन करून सांगितले, म्हशीच्या कानाची गोष्ट तेवढी वगळून. ती आणखी मोठी झाली की सांगेन. मग म्हणालो, "बाबांना विचार, शेरूच्या नोंदीत कोणाचा फोन नंबर आहे? एकेक आकडा मोठ्याने वाचायला सांग." पलीकडे कागद शोधल्याचे आवाज आले, बापलेकीची थोडी हुज्जत ऐकू आली. मग ती धापा टाकत फोनवर आली.

"आजोबा, शेवटचा आकडा चुकलाय! तिथे एक आहे. आपला तर सात आहे!"

मी काही क्षण बोलू शकलो नाही. मग म्हणालो, "आजच दुरुस्त करून घ्या. उद्यावर ठेवू नका."