हेरिंग गेली, गाव राहिलं

आइसलँडच्या उत्तर किनाऱ्यावर सिग्लुफ्योर्दुर नावाचं एक गाव आहे. आर्क्टिक वृत्त तिथून पन्नास किलोमीटरही नाही. तीन बाजूंना उभे डोंगर, चौथीकडे उत्तरेला उघडणारा अरुंद फ्योर्ड आणि मधल्या जिभेएवढ्या सपाट जागेवर लाल, पिवळ्या, निळ्या पत्र्यांची घरं. वस्ती बाराशेच्या आसपास. नोव्हेंबरच्या मध्यावर सूर्य डोंगराआड जातो तो २८ जानेवारीपर्यंत गावाला दिसत नाही. त्या दिवशी शाळेतली मुलं चर्चच्या पायऱ्यांवर उभी राहून गातात आणि घरोघरी पॅनकेक होतात.

संपादकांना पर्यटनाचा लेख हवा होता: लहानसं किनारी गाव, तिथलं जगणं, काय पाहावं, काय खावं. ते सगळं इथे आहे. बंदरावर नवं हॉटेल आहे, हिवाळ्यात स्कीइंगचे उतार आहेत, मासे साठवायच्या जुन्या इमारतीत बीअर तयार होते. पर्यटक ते पाहतात, फोटो काढतात आणि संध्याकाळी अकुरेरी शहरात परततात. मला मात्र धक्क्यावरच्या एका लाल लाकडी इमारतीने धरून ठेवलं आणि लेखाचा विषयच तिथे ठरला. तिचं नाव रोआल्ड्सब्राक्की. ओलेसुंड या नॉर्वेतल्या गावच्या रोआल्ड बंधूंनी १९०७ साली ती हेरिंग खारवण्यासाठी बांधली. आज ती ‘हेरिंगयुग संग्रहालया’चा भाग आहे.

हेरिंग म्हणजे आपल्या तारलीची नातलग. तशीच चकचकीत चंदेरी, तशीच थव्याने फिरणारी, तशीच तेलाने भरलेली. १९०३ साली नॉर्वेजियन मच्छीमार तिच्या मागावर इथे आले तेव्हा गाव शार्क धरून त्याच्या यकृताचं तेल काढत असे. पुढच्या पंधरा वर्षांत शार्कच्या तेलाचं हे खेडं नगरपालिकेचं शहर झालं. भरभराटीच्या काळात फ्योर्डच्या काठाला तेवीस खारवणकेंद्रं आणि हेरिंगचं तेल व कूट काढणारे पाच कारखाने होते. लोकसंख्या तीन हजारांवर गेली आणि सिग्लुफ्योर्दुर देशातलं पाचव्या क्रमांकाचं शहर ठरलं. काही वर्षी आइसलँडच्या एकूण निर्यातीतला पाचव्याहून मोठा हिस्सा या एका बंदरातून निघे. वादळ आलं की शेकडो बोटी फ्योर्डमध्ये आसऱ्याला येत.

अधिकृत इतिहास एवढा पुरे. खरी गोष्ट रोआल्ड्सब्राक्कीच्या वरच्या मजल्यांवर आहे. उन्हाळ्याच्या हंगामात देशभरातून आलेल्या बायका तिथे राहत. एका खोलीत अनेक जणी, बंक एकावर एक, दोरीवर वाळणारे मोजे, भिंतीला चिकटवलेली सिनेनटांची चित्रं. संग्रहालयाने खोल्या अशा ठेवल्या आहेत की त्या बायका आत्ताच खाली कामाला गेल्या असाव्यात. काम सुरू होण्याची वेळ ठरलेली नसे. बोट आली की माणूस दारं ठोठावत फिरे. रात्रीचे दोन असोत की दुपारचे, अंगावर मेणकापडाचा एप्रन, डोक्याला रुमाल, पायात रबरी बूट चढवून सगळ्या धक्क्यावर हजर. बोटीतला माल संपेपर्यंत काम थांबत नसे. उन्हाळ्यात तिथे रात्र म्हणावी असा अंधारच नसतो, त्यामुळे अंधार पडला म्हणूनही कुणी थांबत नसे.

जुलै-ऑगस्टमध्ये संग्रहालय हे काम धक्क्यावर प्रत्यक्ष करून दाखवतं. मी पाहिलेल्या प्रात्यक्षिकात चार-पाच जणी होत्या. त्यांतल्या सगळ्यात वयस्क बाईंवरून माझी नजर हलेना. लांबलचक लाकडी पन्हळीत हेरिंग ओतलेली. बाईंनी डाव्या हाताने मासा उचलला, उजव्या हातातल्या आखूड सुरीने कल्ल्याच्या मागे एकच काप दिला. डोकं आणि त्याबरोबर आतडं बाहेर, मासा मिठात, मिठातून पिंपात. सगळं एका श्वासात. मग लक्षात आलं की खरं कष्टाचं काम पिंपाच्या तळाशी आहे. पहिले थर लावायला कमरेत दुमडून, डोकं खांद्यापर्यंत पिंपात घालावं लागतं. मासे पोट वर करून शेजारी शेजारी बसवायचे, पुढचा थर त्याला आडवा, मध्ये मीठ. एका पिंपात साधारण साडेतीनशे-चारशे मासे, शंभर किलोच्या आसपास वजन. तळ भरला की बाई पाठ ताठ करत आणि मोठ्याने ओरडत: मीठ आणा! मासे आणा! पुरुष कामगार धावत येत. त्या आवाजाला जो अधिकार होता तो शिकवून येत नाही.

पिंप भरलं की मुकादम एक बिल्ला देई आणि बाई तो बुटात टाके. मजुरी पिंपावर होती, तासावर नाही. हंगाम संपला की बिल्ले मोजून पैसे. बुटातले बिल्ले तळव्याला टोचत असणार, पण ते टोचणं हवंसं असणार, असं मला राहून राहून वाटलं. आइसलँडच्या शेतावरच्या मुलीला स्वतःच्या नावाची रोख कमाई देणारं दुसरं काम त्या काळात जवळपास नव्हतं. कुणी त्यातून शिक्षण घेतलं, कुणी शिलाई मशीन घेतलं, कुणी घराचं कर्ज फेडलं. देशाच्या निर्यातीचे आकडे ज्या तक्त्यांत आहेत त्यांत हे बिल्ले दिसत नाहीत. या संग्रहालयाला मी मोठं मानतो ते त्याने हिशेबाची ही बाजू समोर ठेवली म्हणून.

हे संग्रहालय वरून कुणी बांधून दिलेलं नाही. १९८० च्या दशकात रोआल्ड्सब्राक्की कोसळायच्या बेतात होती. १९८९ साली गावकऱ्यांनी संस्था काढली, सुट्टीच्या दिवशी हातात हातोड्या घेतल्या आणि फळ्या एकेक करून बदलल्या. चित्रकार आणि शिक्षक असलेले ओर्लिगुर क्रिस्टफिन्सन त्यांत पुढे होते. पुढे तेच संग्रहालयाचे पहिले संचालक झाले. १९९४ साली दारं उघडली. मग शेजारी ‘ग्राउना’ ही कारखान्याची इमारत उभी राहिली, त्यानंतर जुन्या बोटींसाठी नौकाघर. २००४ साली युरोपातल्या सर्वोत्तम औद्योगिक संग्रहालयासाठीचा मिकेलेत्ती पुरस्कार या गावाकडे आला. बाराशे वस्तीच्या गावाने हे करून दाखवलं, याचं मला मनापासून कौतुक वाटतं.

ग्राउनामध्ये शिरलं की लोखंड आणि तेलाचा वास येतो. बंद पडलेल्या कारखान्यांतली यंत्रं सोडवून आणून इथे पुन्हा ओळीने जोडली आहेत. खारवायला न जाणारी हेरिंग अशा यंत्रांकडे येई. आधी वाफेच्या लांब कुकरमध्ये शिजायची, मग स्क्रू-प्रेसमध्ये पिळली जायची. पिळून उरलेला चोथा फिरत्या प्रचंड ड्रममध्ये गरम हवेवर वाळून कूट व्हायचा आणि पोत्यांत भरला जायचा. पिळलेलं पाणी वेगाने फिरणाऱ्या सेपरेटरमधून जाऊन तेल वेगळं निघायचं. कूट युरोपातल्या कोंबड्या-डुकरांना, तेल मार्गारिन आणि साबणाला. गावावर या कारखान्यांचा उग्र दर्प सतत असे, आणि लोक त्याला पैशाचा वास म्हणत. ड्रमच्या तोंडाशी उभं राहिलं की एक गोष्ट पोटात जाणवते: या यंत्रांची भूक माणसाच्या भुकेसारखी भागणारी नव्हती. बाईच्या हाताला मर्यादा होती. शंभर किलो माशाला तिला ठरावीक वेळ लागायचाच. ड्रम दिवसरात्र फिरू शकत होता.

आणि समुद्रावर तेच घडत होतं. हेरिंगचा थवा धरायचं जाळं म्हणजे आपलं पर्ससीन: थव्याभोवती भिंतीसारखं सोडायचं, खालची दोरी ओढून तोंड आवळायचं. पूर्वी हे दोन लहान होड्यांतून होई. डोलकाठीवर बसलेला माणूस पाण्यावर उसळणारा थवा डोळ्यांनी शोधायचा आणि ओलं, जड जाळं माणसं हातांनी ओढायची. थवा खोल गेला की तो वाचला. समुद्र खवळला की तो वाचला. १९५० च्या दशकात दोन गोष्टी एकापाठोपाठ आल्या. पहिली सोनार: आवाजाच्या लहरी पाण्यात सोडून खोलातला थवा ‘पाहणारं’ यंत्र. दुसरी पॉवर ब्लॉक: कॅलिफोर्नियातले क्रोएशियन मच्छीमार मारिओ पुरेतिच यांनी काढलेली, रबर लावलेली यांत्रिक कप्पी. ती बोटीवर उंच टांगायची, जाळं तिच्या खाचेत घालायचं, इंजिन ओढून घेतं. १९५९ साली आइसलँडी तांडेल हाराल्दुर आउगुस्टसन यांनी ‘गुद्मुंदुर थोर्दार्सन’ या बोटीवर ती यशस्वी करून दाखवली आणि थोड्याच हंगामांत सगळ्या ताफ्यावर कप्प्या लटकू लागल्या. लहान होड्या गेल्या. खवळलेल्या समुद्रातही जाळं ओढता येऊ लागलं. माशाला आधी मिळणाऱ्या दोन्ही सवलती संपल्या.

कप्पी साधी आहे, कल्पक आहे, तिने कित्येकांची पाठ वाचवली असेल. तिच्यावर राग धरता येत नाही. पण इथली गोष्ट वाचताना मला तिचीच भीती वाटत राहिली.

ही हेरिंग नॉर्वेच्या किनाऱ्यावर वसंतात अंडी घालते आणि उन्हाळ्यात प्लवक खायला पश्चिमेकडे निघते. १९५० च्या दशकात तिचा साठा एक कोटी टनांच्या वर होता. १९६० च्या दशकाच्या मध्यावर आइसलँडच्या उत्तरेला ध्रुवीय थंड पाणी खाली सरकलं, अन्न घटलं आणि थवे पूर्वेला वळले. सिग्लुफ्योर्दुरच्या धक्क्यावर मासा येईना, म्हणून कारखान्यांनी जहाजांतून तो लांबून वाहून आणायला सुरुवात केली. दुसरीकडे नॉर्वेच्या फ्योर्डांमध्ये पूर्ण वाढ न झालेली पिल्लं टनावारी धरली जात होती. १९६६ साली सगळ्या देशांनी मिळून जवळपास वीस लाख टन हेरिंग काढली. १९६८ च्या उन्हाळ्यात उरलेल्या थव्यांचा पाठलाग करत बोटी पार स्वालबार्डच्या बाजूला गेल्या. त्यानंतर पाठलाग करण्यासारखं काही उरलं नाही. काही वर्षांत साठा काही हजार टनांवर आला.

देशाची निर्यात कोसळली. १९६७ आणि १९६८ या दोन्ही वर्षी नोव्हेंबरमध्ये क्रोना या चलनाचं अवमूल्यन झालं. कामासाठी लोक स्वीडनला गेले, काही ऑस्ट्रेलियालाही. सिग्लुफ्योर्दुरची लोकसंख्या उतरत गेली आणि खारवणकेंद्रं वाऱ्याला एकेक करून पडत गेली. थंड पाणी आलं नसतं तरी हे घडलं असतं का, याची चर्चा शास्त्रज्ञ आजही करतात. पाणी थंड झाल्याने मासा सरकला असता. नाहीसा व्हायला मात्र माणसं लागली, असं मला वाटतं.

गाव मोडलं नाही, याचं श्रेय थोडं बोगद्यांना आहे. १९६७ पर्यंत डोंगरावरची एकच खिंड होती आणि हिवाळ्यात ती बर्फाखाली जाई. त्या वर्षी स्ट्राउकागोंग हा एकेरी वाटेचा बोगदा झाला, म्हणजे हेरिंग जाण्याच्या तोंडावर रस्ता आला. २०१० साली ह्येदिन्सफ्योर्दुरचे दोन बोगदे उघडले. शेजारच्या ओलाफ्सफ्योर्दुरचं बासष्ट किलोमीटरचं अंतर पंधरा-सोळावर आलं. दोन्ही गावांची नगरपालिका त्याआधीच, २००६ साली एक झाली होती. बोगद्यांखेरीज कोळंबीच्या टरफलांपासून कायटोसान हा पदार्थ बनवणारा कारखानाही इथे आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इथे आलेल्या ब्यार्नी थोर्स्टेन्सन या पाद्र्यांनी देशभरातली लोकगीतं जमवून छापली आणि गावाच्या रस्त्यांची आखणीही केली. त्यांच्या नावाने लोकसंगीताचं घर आहे आणि दर जुलैला उत्सव भरतो. ‘ट्रॅप्ड’ या आइसलँडी मालिकेतलं बर्फात अडकलेलं गाव पाहिलं असेल, तर तुम्ही सिग्लुफ्योर्दुर पाहिलं आहे.

अडचणी तरीही डोक्यावर उभ्या आहेत, आणि शब्दशः. १९१९ साली एका हिमस्खलनाने फ्योर्डपलीकडचा नॉर्वेजियन कारखाना समुद्रात लोटला. आज गावामागच्या उतारावर मातीचे प्रचंड बांध आणि पोलादी कुंपणं आहेत. पश्चिमेकडचा रस्ता ज्या डोंगरकडेने जातो ती जमीन हळूहळू सरकते आहे आणि नव्या बोगद्याची मागणी जुनी झाली. ऑगस्ट २०२४ मध्ये इतका पाऊस झाला की घरांत पाणी शिरलं, दरडी आल्या.

माशाचं काय? १९८३ साली जन्मलेली हेरिंगची एक पिढी असामान्य मोठी निघाली. बंदी, कोटा आणि या पिढीच्या जोरावर साठा पुन्हा उभा राहिला. १९९० च्या दशकात आइसलँडच्या पूर्वेकडे थवे परत दिसले, सिग्लुफ्योर्दुरकडे मात्र वळले नाहीत. आता हा मासा नॉर्वे, आइसलँड, फेरो बेटं, रशिया आणि युरोपीय संघ आदींमध्ये वाटायचा आहे. एकूण किती धरायचा यावर एकमत होतं. कुणी किती धरायचा यावर गेली कित्येक वर्षं होत नाही. प्रत्येक देश आपला कोटा आपणच ठरवतो आणि बेरीज शास्त्रज्ञांच्या सल्ल्याच्या वर जाते.

हे वाचताना रत्नागिरी-मालवणचा माणूस स्वस्थ बसू शकत नाही. आपल्याकडे पर्ससीनने तारली-बांगड्याचे थवे उचलले जातात आणि रापणकरांची जाळी रिकामी येतात हा वाद कित्येक वर्षांचा आहे. पर्ससीनचा अभ्यास करणाऱ्या सोमवंशी समितीच्या अहवालानंतर ५ फेब्रुवारी २०१६ ला राज्य सरकारने पर्ससीनवर काळाची आणि क्षेत्राची बंधनं घातली. २०१७ साली केंद्राने एलईडी दिव्यांच्या मासेमारीवर बंदी आणली. बंधनं कागदावर आहेत. समुद्रात गस्तीच्या नौका मोजक्या आहेत आणि रात्री क्षितिजावर दिवे दिसतात, असं किनाऱ्यावरचे मच्छीमार सांगतात. तारलीसुद्धा पाण्याच्या तापमानावर येते-जाते. एखाद्या वर्षी ती आली नाही की कारण हवामान की जाळं, यावर भांडण होतं, आणि भांडण मिटेपर्यंत हंगाम संपतो. आइसलँडला सोनार होता, संशोधन जहाजं होती, याकोब याकोब्सन यांच्यासारखे हेरिंगचा माग काढणारे नामांकित शास्त्रज्ञ होते. एवढं असून तिथे हे झालं. आपल्या मत्स्यव्यवसाय खात्यात पर्ससीनचे परवाने ठरवणाऱ्या अधिकाऱ्यांनी आणि ते मागणाऱ्या संस्थांच्या अध्यक्षांनी एकदा १९६६ ते १९६८ या तीन वर्षांचे आकडे शेजारी शेजारी ठेवून पाहावेत, आणि पुढच्या हंगामाचे परवाने त्यानंतर द्यावेत.