लंडनमध्ये पहाटे अडीचला जाग का येते?

सप्टेंबरात शिकायला लंडनला गेलेली आपली मुलं पहिल्या आठवड्यात फोनवर हमखास सांगतात, की संध्याकाळी सहालाच डोळे मिटतात आणि पहाटे अडीचला टक्क जाग येते. घरच्यांना वाटतं, पोराला करमत नाहीये. तसं असेलही; पण लंडनचे सहा म्हणजे आपल्याकडचे रात्रीचे साडेदहा, आणि तिथले अडीच म्हणजे इथले सकाळचे सात! शरीर अजून भारतातच आहे.

मेंदूत, डोळ्यांकडून येणाऱ्या चेता जिथे एकमेकींना छेदतात त्याच्या अगदी वर, सुमारे २० हजार पेशींचा इवलासा पुंजका आहे; हेच शरीराचं मुख्य घड्याळ. झोप, शरीराचं तापमान, मेलाटोनिन हे झोपेचं संप्रेरक, सगळं तो सांभाळतो. प्रकाश पाहूनच तो वेळ जुळवतो, तीही दिवसाला साधारण तासभर. यकृताचं घड्याळ वेगळं. ते जेवणाच्या वेळांवर चालतं, म्हणून भूकही अवेळी लागते.

म्हणून संध्याकाळी खोलीत पडून राहू नका. सूर्य मावळेपर्यंत उजेडात फिरा, जेवण तिथल्या वेळेला घ्या, आणि पहाटे जाग आली तरी मोबाइल उघडू नका. आईबाबांनो, तुम्हीही आपल्या दुपारी बारानंतरच फोन करा.