तुसाची राख आणि सिमेंट

भंडारा-गोंदिया भागात भातगिरण्या पुष्कळ. १ क्विंटल धान भरडले की सुमारे २० किलो तूस निघते आणि ते जाळल्यावर ४ किलोच्या आसपास राख उरते. या राखेत बहुतांश सिलिका असते. सिमेंटचा पाण्याशी संयोग होताना जो चुना मुक्त होतो, तो काँक्रीटच्या बळात फारशी भर घालीत नाही. राखेतील सिलिका मात्र त्याच्याशी हळूहळू संयोग पावून नवा बंधक पदार्थ निर्माण करते. जुन्या बांधकामांत चुन्यात सुरखी मिसळीत, त्यामागील तत्त्व हेच.

तथापि प्रत्येक राख या कामाची नसते. साधारणतः ७०० अंश सेल्सिअसच्या आत, नियंत्रित आचेवर जाळलेल्या तुसातील सिलिकाच क्रियाशील राहते. आच फार प्रखर झाली तर ती स्फटिकरूप होऊन निष्प्रभ ठरते. शिवाय तिची धूळ फुप्फुसांस घातक असते. राखेचा काळा रंग न जळलेल्या कार्बनचा निदर्शक होय. गिरणीमागील ढिगातून पाट्या भरून आणलेली राख शाळेच्या छताच्या काँक्रीटमध्ये कालविणे, ही काटकसर फार महाग पडू शकते.

योग्य राखही बारीक दळावी लागते. ती पाणी अधिक मागते, म्हणून मिश्रणाचे प्रमाण प्रयोगशाळेत ठरवून घ्यावे. भारतीय मानक ४५६ (२०००) यात अशा राखेच्या वापरास सक्षम अधिकाऱ्याच्या मान्यतेने मुभा आहे. ठेकेदाराने राख सुचविल्यास ग्रामपंचायतीने चाचणी-अहवाल व ही मान्यता लेखी मागावी.