आवाज कमी, थंडावा पुरेपूर

पीसीच्या पंख्याचा वेग निम्मा करा, आवाज साधारण 15 डेसिबलनी उतरतो. आणि दर 10 डेसिबल उतरले की कानाला आवाज निम्मा झाल्यासारखा वाटतो. म्हणजे मिनिटाला 1,500 फेरे घेणारा पंखा 750 वर आणला, तर त्याचा आवाज जवळपास एकतृतीयांश होतो. हवा मात्र निम्मीच घटते. आता त्याच्याशेजारी तसाच दुसरा पंखा बसवा. हवा पुन्हा पहिल्याइतकी, आणि आवाज वाढला किती? फक्त 3 डेसिबल! एवढं सोपं गणित असूनही एकच पंखा जिवाच्या आकांताने पळवणारे पीसी रोज असेंबल होतात, याचं खरंच वाईट वाटतं.

म्हणून 80 मिलिमीटरचे जुने पंखे विसरा. 120 किंवा 140 मिलिमीटरचे घ्या आणि सावकाश फिरू द्या.

पात्यांची करामत

पंखा घेताना पिना मोजा. चार हव्यात. चौथ्या पिनेवरून वेगाचा हुकूम जातो, तो सेकंदाला 25,000 स्पंदांच्या लयीत. माणसाचा कान जेमतेम 20,000 पर्यंतच ऐकतो, म्हणून ही लय त्याच्याही वर ठेवली आहे.

पाती बहुधा 7 किंवा 9 असतात, आणि मागच्या चौकटीला आधाराच्या दांड्या चार. हे आकडे मुद्दाम जुळू दिलेले नाहीत. सगळी पाती एकाच क्षणी दांड्यांसमोरून गेली, तर प्रत्येक वेळी एकत्र ठोका बसेल. सात पात्यांचा पंखा 1,200 च्या वेगाने फिरला की सेकंदाला 140 पाती एका दांडीसमोरून जातात, म्हणजे 140 हर्ट्झचा सूर लागतो.

हा सूर एकटा असला तर कान त्याला सरावतो. पण शेजारचा पंखा 1,220 वर असेल तर? तंबोऱ्याच्या जोडीच्या तारा जराशा उतरलेल्या असल्या की जशी लाट ऐकू येते, तशीच लाट इथे येते: आवाज सेकंदाला दोनदा फुगतो आणि ओसरतो. मंद असला तरी हा आवाज डोकं उठवतो. उपाय सोपा आहे. बायोसमध्ये जाऊन एका पंख्याचा वेग ठळकपणे वेगळा ठेवायचा. ऑस्ट्रियाच्या नॉक्टुआ कंपनीने तर 2024 मध्ये 50 फेऱ्यांचा फरक मुद्दाम ठेवूनच पंख्यांची जोडी विकायला काढली.

याच कंपनीच्या तपकिरी रंगाच्या 120 मिलिमीटरच्या प्रसिद्ध पंख्यात पात्याचं टोक आणि चौकट यांत अंतर आहे फक्त अर्धा मिलिमीटर. साधं प्लास्टिक फिरण्याच्या ताणाने हळूहळू लांबतं आणि चौकटीला घासू लागतं, म्हणून तिथे खास कडक पॉलिमर वापरावं लागलं.

जॉब्सचा हट्ट

स्टीव्ह जॉब्सला पंख्याचा आवाज अजिबात खपत नसे. 1980 चा ॲपल थ्री त्याने बिनपंख्याचा करायला लावला. या मशिनच्या चिपा सॉकेटमधून सैल होऊ लागल्या, आणि ग्राहकांना सल्ला मिळाला: मशिन दोन-तीन इंच उचला आणि टेबलावर आपटा! वीस वर्षांनी तोच ध्यास पॉवर मॅक जी-फोर क्यूबमध्ये उतरला. त्यातली गरम हवा वरच्या जाळीतून आपोआप बाहेर पडे. क्यूबचं उत्पादन वर्षभरातच थांबलं, पण न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात त्याला जागा मिळाली. 2020 च्या बिनपंख्याच्या मॅकबुक एअरपर्यंत हा धागा पोहोचतो. फरक इतकाच की तोवर चिपच थंड स्वभावाची झाली होती.

उलट टोक बघायचं तर 2003 चं एनव्हिडियाचं ग्राफिक्स कार्ड, जीफोर्स एफएक्स 5800 अल्ट्रा. त्याच्या पंख्याने इतका कहर केला की लोक त्याला डस्टबस्टर (हातात धरायचा व्हॅक्यूम क्लीनर) म्हणू लागले. शेवटी कंपनीनेच व्हिडिओ काढला आणि त्यात हे कार्ड पालापाचोळा उडवायच्या यंत्राला लावून दाखवलं.

उष्णताच कमी करा

थंड करण्याआधी तापवणं कमी करता येतं, आणि माझ्या मते पैसे वाचवणारी जागा हीच. चिपची वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. व्होल्टेज 10 टक्क्यांनी उतरवलं तर वेग तोच राहूनही वीज जवळपास 19 टक्क्यांनी घटते. चिप तेवढी खाली स्थिर चालते का, हे मात्र तपासून बघावं लागतं. दुसरी युक्ती फ्रेमची. 2010 मध्ये स्टारक्राफ्ट टू हा गेम आला, तेव्हा त्याच्या मेन्यूवर फ्रेमची मर्यादाच नव्हती. स्थिर पडद्यासाठी ग्राफिक्स कार्ड जीव तोडून राबत आणि तापत राही. 60 हर्ट्झच्या मॉनिटरवर 60 ची मर्यादा घाला, पंखा गप्प होतो. अशा वेळी कार्डातून येणारी ती बारीक किणकिणही बऱ्याचदा थांबते. तिचा पंख्याशी संबंध नसतो, विजेच्या तालावर तारेची वेटोळी थरथरत असतात.

कूलरमधल्या तांब्याच्या नळ्या भरीव दिसतात, पण आतून पोकळ असतात. आत थोडंसं पाणी आणि कमी दाब, त्यामुळे पाणी लवकर उकळतं. वाफ थंड टोकाकडे पळते, पाणी होऊन आतल्या सच्छिद्र अस्तरातून परत येते. पंप नाही, आवाज नाही. अमेरिकेच्या लॉस अलामॉस प्रयोगशाळेत जॉर्ज ग्रोव्हरने 1963 मध्ये अशी नळी करून दाखवली, ती अवकाशातल्या यंत्रणांसाठी. आज ती मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या कुठल्याही दुकानात खोक्यात बसलेली मिळते.

लिक्विड कूलिंग म्हणजे शांतता, हा समज मात्र सोडून द्या. पंपाची स्वतःची गुणगुण असते, आणि रेडिएटरवर पंखे लागतातच. वर पंप सर्वांत उंच जागी आला की हवेचे बुडबुडे त्यात अडकून खळखळ सुरू होते. मध्यम ताकदीच्या प्रोसेसरला मोठा एअर कूलर पुरे.

हार्ड डिस्क: आवाज करणारी आणि आवाजाला भिणारी

7,200 फेऱ्यांची डिस्क म्हणजे 120 हर्ट्झची अखंड घुमघुम, आणि स्क्रूने आवळली की सगळं कॅबिनेट तिच्याबरोबर गुणगुणतं. एसएसडीत काही फिरतच नाही, त्यामुळे तो प्रश्नच मिटतो. पण डिस्कला स्वतःला आवाज सोसत नाही, हे ठाऊक होतं? मायक्रोसॉफ्टच्या रेमंड चेन यांनी 2022 मध्ये एक किस्सा लिहिला: जॅनेट जॅक्सनचं ‘रिदम नेशन’ वाजलं की काही जुने लॅपटॉप बंद पडत, शेजारी ठेवलेलेसुद्धा! गाण्यातला एक सूर 5,400 फेऱ्यांच्या डिस्कच्या नैसर्गिक कंपनाशी जुळत होता. उत्पादकाने तो सूरच गाळून टाकणारी चाळणी बसवली. आणि सप्टेंबर 2016 मध्ये बुखारेस्टमध्ये आयएनजी बँकेच्या डेटा सेंटरात आग विझवण्याची चाचणी चालू असताना वायू इतक्या जोरात सुटला की त्या आवाजानेच डिस्का निकामी झाल्या आणि बँकेचे व्यवहार काही तास ठप्प झाले.

मे महिन्याची परीक्षा

कूलर चिपला खोलीपेक्षा थंड करू शकत नाही. 25 अंशांच्या खोलीत 65 वर राहणारी चिप 42 अंशांच्या खोलीत, त्याच वेगाच्या पंख्याखाली, 82 च्या आसपास जाते. म्हणून नागपूर-अकोल्यात जानेवारीत बसवलेला वेगाचा आलेख मे महिन्यात पुन्हा तपासायला हवा. मात्र 80 बघून घाबरू नका. एएमडीने रायझन 7000 मालिका 95 अंशांपर्यंत बिनधास्त चालेल अशीच बनवली आहे. आकडा थोडा चढू द्या आणि पंख्याने वेग बदलायला काही सेकंद घ्यावेत अशी सेटिंग ठेवा, कारण एकसारख्या आवाजापेक्षा सतत चढ-उतार करणारा आवाज जास्त खुपतो.

कॅबिनेट जाळीदार पुढच्या बाजूचं घ्या. आतून फोम लावलेलं बंद कॅबिनेट आवाज अडवतं, पण हवाही अडवतं, आणि मग पंखे पुन्हा जोर लावतात. आपल्याकडची धूळ मात्र जाळीवर पटकन थर धरते, तेव्हा फिल्टर वरचेवर धुवा. ब्लोअर मारताना एका बोटाने पंखा धरून ठेवा. झोताने तो मोकळा भिरभिरला, तर बेअरिंग खराब होतं आणि तिथूनच खरखर सुरू होते.