‘अंगावरून वारं गेलं’, पण किती वाजता?

आज इथे बाळकुमला आपण अर्धांगवायूबद्दल बोलणार आहोत. आपल्याकडे म्हणतात, ‘अंगावरून वारं गेलं.’ आम्ही डॉक्टर नव्हे, आयुष्य तत्त्वज्ञान शिकवण्यात गेलं. म्हणून औषध सांगणार नाही, फक्त एका प्रश्नाचा अर्थ लावणार आहोत. पेशंटला हॉस्पिटलात नेलं की डॉक्टर आधी विचारतात, ‘यांना शेवटचं ठीक कधी पाहिलंत?’ घरच्यांना वाटतं, माणूस आडवा पडलाय आणि हे वेळ काय विचारतायत!

‘वारं गेलं’ या शब्दांत एक समजूत दडलेली आहे. वारं आलं, गेलं, संपलं. प्रत्यक्षात मेंदूतली घटना तिथे संपत नाही, सुरू होते.

थोडं मागे जाऊ. 1885 मध्ये पॉल एर्लिख या जर्मन शास्त्रज्ञाने प्राण्यांच्या रक्तात रंग सोडला. सगळे अवयव रंगले, मेंदू मात्र जवळपास कोराच राहिला. 1913 मध्ये त्यांचे शिष्य एडविन गोल्डमन यांनी उलटं केलं, रंग मेंदूभोवतीच्या द्रवात सोडला. आता मेंदू रंगला, बाकीचं शरीर नाही. म्हणजे रक्त आणि मेंदू यांच्यामध्ये काहीतरी सीमा आहे. हाच ‘ब्लड-ब्रेन बॅरिअर’. ही काही वेगळी भिंत नव्हे. मेंदूतल्या केशवाहिन्यांच्या पेशीच एकमेकींना इतक्या घट्ट चिकटलेल्या असतात, की साखर, प्राणवायू असं हवं तेच आत जातं.

अर्धांगवायूत बहुतेक वेळा रक्तवाहिनीत गुठळी अडकते. मोठी वाहिनी बंद पडली, तर दर मिनिटाला सुमारे 19 लाख चेतापेशी मरतात, असा जेफ्री सेव्हर यांनी 2006 मध्ये हिशेब मांडला. मरणाऱ्या पेशींतून धोक्याचे संकेत सुटतात. मेंदूतल्या रखवालदार पेशी, मायक्रोग्लिया, जाग्या होतात. रक्तातल्या पांढऱ्या पेशी वाहिनीच्या कडेला चिकटतात, काही एन्झाइम्स बाहेर पडतात आणि ती सीमेचं अस्तरच कुरतडतात. हा झाला दाह. सीमा झिरपू लागते, पाणी आत शिरतं, मेंदू सुजतो. मोठ्या झटक्यात ही सूज साधारण तिसऱ्या ते पाचव्या दिवशी सर्वांत जास्त असते. ‘काल तर बरे होते, आज गुंगी कशी?’ याचं कारण पुष्कळदा हेच.

आता तो वेळेचा प्रश्न. गुठळी विरघळवणारं औषध 1995 च्या अमेरिकी चाचणीत पहिल्या 3 तासांत दिलं, तेव्हा फायदा झाला. पण मेंदूत गंभीर रक्तस्राव झालेले औषध घेणाऱ्यांत 6.4 टक्के होते, न घेणाऱ्यांत 0.6. पुढे 2008 मध्ये ही मुदत साडेचार तासांपर्यंत वाढली. मुदत कशासाठी? उशीर झाला की सीमा कमजोर झालेली असते. तिच्यातून जोराने रक्त सोडलं, तर तेच रक्त मेंदूत फुटू शकतं. उपचार तोच, वेळ वेगळी, परिणाम उलटा. आता काही निवडक पेशंटांत स्कॅन पाहून 24 तासांपर्यंतही गुठळी तारेने ओढून काढतात. तरी वेळेचा प्रश्न सुटत नाही.

कुणी विचारेल, मग दाहच बंद करा ना! आपल्या बाळकुमला अग्निशमन केंद्र आहे, तोच दाखला घेऊ. बंबाच्या पाण्याने सामान भिजतं, म्हणून बंबच नको असं आपण म्हणतो का? पांढऱ्या पेशींना अडवणाऱ्या एन्लिमोमॅब या औषधाची चाचणी 2001 मध्ये प्रसिद्ध झाली. औषध घेतलेल्यांची अवस्था उलट वाईट निघाली. स्टेरॉइडचाही या सुजेवर उपयोग ठरलेला नाही. कारण मेलेल्या पेशी उचलणं, नव्या वाहिन्या फुटणं, हेही पुढे त्याच दाहाच्या यंत्रणेतून होतं. सुरुवातीला जे एन्झाइम सीमा तोडतं, तेच काही दिवसांनी डागडुजीला लागतं. म्हणून दाह ‘चांगला की वाईट’ हा प्रश्नच अपुरा आहे. ‘केव्हा?’ हे विचारल्याशिवाय त्याला उत्तर नाही.

पण हा ‘केव्हा’ विचारणारं कुणी भेटलं तर! गडचिरोलीत ‘सर्च’ संस्थेने 86 गावांतल्या मृत्यूंची पाहणी केली, ती 2015 मध्ये प्रसिद्ध झाली. दर सात मृत्यूंमागे एक अर्धांगवायूचा होता आणि त्यांतले 87 टक्के घरीच झाले. तिथे हॉस्पिटल लांब. आपल्याला ठाण्यात ती सबब नाही. आपल्याकडे वेळ जातो तो ‘जरा पडू द्या, उतरेल’ म्हणण्यात.

तर एवढं करू. तोंड वाकडं झालं, हात उचलेना, बोलणं अडखळलं, की घड्याळ बघायचं आणि वेळ कागदावर लिहायची. झोपेतून उठल्यावर लक्षात आलं, तर रात्री शेवटचं ठीक पाहिलं तीच वेळ धरायची. 108 ला फोन करायचा. तोंडात पाणी घालायचं नाही, गिळता आलं नाही तर ते फुप्फुसात जातं. रक्त पातळ करणारी गोळीही आपल्या मनाने द्यायची नाही, कारण झटका गुठळीचा की रक्तस्रावाचा, हे स्कॅनशिवाय कळत नाही. आणि तो कागद डॉक्टरांच्या हातात द्यायचा.

आता तुमचे प्रश्न घेऊ.