सूचीतील पोटनोंदी व कळफलक
संगणकावर सूची लिहिताना एखादी नोंद उजवीकडे सरकवून तिला वरच्या नोंदीची पोटनोंद करण्याची, तसेच तिला पुन्हा बाहेर काढण्याची कळफलकावरील योजना. आत सरकविण्यासाठी बहुधा टॅब ही कळ आणि उलट क्रियेसाठी शिफ्ट व टॅब या कळा एकत्र वापरतात.

टॅब ही कळ मूळची टंकलेखन यंत्रावरील. कोष्टकातील स्तंभ एका रेषेत यावेत हा तिचा मुख्य उपयोग असे. यंत्राला केवळ अंतर ठाऊक होते. संगणकावरील सूचीत मात्र अंतर हे नात्याचे चिन्ह असते. डग्लस एंगेलबार्ट यांनी ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रॅन्सिस्को येथील प्रात्यक्षिकात बाजारहाटाची साधी यादी वर्गवार मांडून दाखविली होती.

अमरावती जिल्ह्याच्या गावसूचीत मोर्शी व त्याखाली वरूड हे तालुके एका पायरीवर आणि जरूड, बेनोडा, पुसला ही गावे वरूडखाली एक पायरी आत आहेत, असे समजू. चुकून ‘वरूड’ या ओळीवर टॅब दाबली गेली व तेवढीच ओळ आत सरकली, तर वरूड आणि ही तिन्ही गावे एका पायरीवर येऊन सर्वच मोर्शी तालुक्यात मोडतात. पडद्यावर हललेली दिसते ती एकच ओळ. तालुका बदलतो तीन गावांचा. म्हणून नोंदीबरोबर तिच्या पोटनोंदीही सरकल्या पाहिजेत, म्हणजे उलट कळीने चूक पूर्णपणे निस्तरता येते. ऑर्ग मोड या साधनात एकट्या नोंदीसाठी व पोटनोंदींसह नोंदीसाठी निरनिराळ्या कळा आहेत. जाणकारास ही सोय मोलाची, नवशिक्यास धोक्याची.

नोंद बाहेर काढणे अधिक बिकट. मधले ‘बेनोडा’ बाहेर आणल्यास खालचे पुसला कोणाचे? ओळींचा क्रम राखला, तर ते बेनोड्याची पोटनोंद ठरते. नाते राखावयाचे, तर बेनोड्याची ओळ पुसल्याखाली न्यावी लागते. गावसूचीसारख्या लेखनात दुसरी रीतच ग्राह्य होय. मात्र ओळ खाली गेल्याचे लिहिणाऱ्यास कळले पाहिजे. सूचीतील पहिल्या नोंदीच्या वर कोणीच नसल्याने तिच्यावर टॅबचा परिणाम होऊ नये.

महाजालावरील पृष्ठांत टॅब कळीने एका चौकटीतून पुढच्या चौकटीत जातात. पडद्यावरील मजकूर वाचून दाखविणाऱ्या साधनावर विसंबणाऱ्या अंध व्यक्तीचा हाच नित्याचा मार्ग असतो. ही कळ केवळ सूचीसाठी अडवून ठेवल्यास ती व्यक्ती चौकटीतच अडकते. महाजालाच्या सुगम्यतेविषयीच्या २००८ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार असा सापळा निषिद्ध असून, बाहेर पडण्याची रीत नेहमीहून वेगळी असल्यास ती वापरणाऱ्यास सांगणे आवश्यक आहे. काही ठिकाणी नोंदी सरकविण्यासाठी कंट्रोल व चौकटी कंस यांची जोडीही दिलेली असते.